कमीत कमी पाच

एकट्या माणसाला जगात एक वस्तू मिळणं मोठं अवघड. बॅटरीचे सेल घ्यायला जा, जोडीनेच मिळतात. कपबशांचा सेट सहाचा, खुर्च्यांचा चारचा. दुकानदाराला म्हणावं, बाबा रे, मला एकच दे, तर तो असा बघतो की जणू आपण फुकट मागितलंय. श्वासबाईंनी या बाबतीत कधीच हात टेकले होते. त्यामुळे सर्किट बोर्ड बनवून देणाऱ्या कारखान्याच्या पानावर ‘कमीत कमी पाच नग’ असं वाचलं तेव्हा त्यांना राग आला नाही. त्या नुसत्या म्हणाल्या, “तुम्ही पण का?”

कोणाला म्हणाल्या ते विचारू नका. घरात दुसरं कोणी नव्हतं.

श्वासबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या. जाड काचेमागे उभं राहायचं, बटणावर बोट ठेवायचं आणि माइकमधून सांगायचं, “श्वास रोखा... सोडा.” दिवसभर हेच. वॉर्डबॉयने कधीतरी गमतीत नाव पाडलं आणि ते असं चिकटलं की खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं. या कामाची एक गंमत होती. ज्या क्षणी समोरच्याच्या आतलं सगळं दिसतं, नेमकं त्याच क्षणी बाईंनी त्याच्यापासून लांब, भिंतीआड असायचं, असा नियमच होता. इतकी वर्षं पाळून तो त्यांच्या अंगवळणी पडला होता, हॉस्पिटलाबाहेरसुद्धा.

घरी पूर्वी आई होती. शेवटची काही वर्षं ती अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्या उशीखाली ठेवायला बाईंनी एक बटण बनवलं. ते दाबलं की स्वयंपाकघरात घंटी वाजायची. भोकाभोकांच्या पट्टीवर तारांचं असं काही जंजाळ झालं होतं की आई म्हणायची, “यापेक्षा माझ्या केसांतला गुंता बरा.” पण घंटी वाजायची. आई गेली, घंटीचं काम संपलं, सोल्डरिंगचं वेड मात्र बाईंना लागलं ते लागलंच. संध्याकाळी घरी येऊन करायचं तरी काय? पाण्याची टाकी भरली की ओरडणारं यंत्र झालं. दूध उतू जायच्या आत टुणटुणणारं झालं. फ्रीजचं दार उघडं राहिलं तर कुरकुरणारं झालं. हळूहळू घरातली एकेक वस्तू बाईंशी बोलायला लागली. तेवढीच सोबत.

मग त्यांना कळलं की तारांच्या गुंत्याची गरजच नाही. कॉम्प्युटरवर नकाशा काढायचा, कुठे छिद्र, कुठून कुठे तांब्याची रेघ, कुठे पांढरी अक्षरं. ती फाइल कारखान्याला पाठवायची, की आठवड्याभरात गुळगुळीत हिरवे बोर्ड घरपोच. आपण त्यावर सुटे भाग जोडायचे, झालं. पहिला पुडा उघडला तेव्हा बाई हरखून गेल्या. आपण काढलेली रेघ, आपण लिहिलेलं ‘टाकी’, आणि ते असं छापील, दुकानात मिळावं तसं! दाखवायला कोणी नव्हतं, ते सोडा. लागणार होता एक, आले पाच. उरलेले चार कपाटात गेले, पुढच्या खेपेचे चार त्यांच्यावर. भावाची बायको एकदा राहायला आली होती, तिने त्यातल्या एकावर चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, “छान आहेत गं या कपाखालच्या बैठका. पण पाचच का? सहा नव्हत्या?”

पुडा आला की कारखान्याच्या पानावर एक प्रश्न यायचा, ‘नग किती मिळाले?’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत, ‘नग कमी भरल्यास पॅकिंग करणाऱ्यास जबाबदार धरण्यात येईल.’ बाई न मोजताच पाच लिहून मोकळ्या व्हायच्या. पाच ठरलेले, पाच आलेले, मोजायचं काय त्यात.

असं चाललं होतं, आणि एक दिवस फाइल पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी कारखान्याकडून पत्र आलं.

‘आपल्या फाइलमध्ये उजवीकडचे खालचे छिद्र कडेच्या फार जवळ आहे. बोर्ड तिथे तुटू शकतो. छिद्र आत सरकवावे, की आहे तसेच बरोबर आहे? कृपया कळवावे. उत्तर येईपर्यंत काम थांबवले आहे. तपासणी विभाग, टेबल सात.’

बाईंनी ते हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये डबा खाताना वाचलं आणि डबा तसाच राहिला. चूक साधी होती, घाईत झालेली. त्यांना लागली ती चूक नव्हे, शेवटची ओळ. उत्तर येईपर्यंत काम थांबवले आहे. म्हणजे कुठेतरी, कुठल्यातरी टेबलापाशी, कोणीतरी आपल्यासाठी थांबलंय. आपण बोलू तेव्हाच पुढे जाणार. बाईंना असं शेवटचं कोण म्हणालं होतं? आई म्हणायची, तू आलीस की जेवू. त्यानंतर कोणी नाही.

त्यांनी लिहिलं, ‘आत सरकवा. आभारी आहे.’ मग ‘आभारी आहे’ खोडून ‘मनापासून आभारी आहे’ केलं. छिद्रासाठी जरा जास्तच झालं, पण गेलं.

पुढची फाइल त्यांनी नीट तपासली. एकही चूक नव्हती. पत्र आलं नाही, बोर्ड आले. बाईंनी पुडा उघडला, बोर्ड उत्तम होते आणि बाईंचा चेहरा उतरलेला होता.

त्याच्या पुढच्या वेळी त्यांनी जे केलं ते कोणा शहाण्यासुरत्या माणसाला पटणार नाही. नकाशा पुरा झाला, सगळं बिनचूक जमलं, आणि पाठवायच्या आधी बाईंनी एक छिद्र उचललं आणि नेऊन कडेला ठेवलं. लहान मूल मुद्दाम चमचा खाली टाकतं ना, कोणीतरी उचलून द्यावा म्हणून, तसं.

पत्र आलं. ‘या वेळीही छिद्र कडेला आहे. आत सरकवावे का? टेबल सात.’

मग बाईंना चटकच लागली. कधी दोन छिद्रं एकमेकांना खेटून ठेवायची. कधी बोर्डाच्या चौकटीची रेघ एका कोपऱ्यात जरा उघडी सोडायची. कधी एखादं अक्षर नेमकं तांब्यावर आणून बसवायचं. प्रत्येक वेळी पत्र यायचं, प्रत्येक वेळी त्यात ‘बरोबर आहे का?’ असायचं, आणि बाई दोन दिवस त्या पत्रावर काढायच्या. हे टेबल सात बाई आहे की बुवा, याचा त्यांनी पुष्कळ अंदाज बांधून पाहिला. पण कंपनीची भाषा, सगळं ‘कळवावे’ आणि ‘करण्यात येईल’. शेवटी त्यांनी तो नाद सोडला. बाई असो, बुवा असो, विचारतं तर आहे.

एकदा हॉस्पिटलात अख्खा दिवस गेला आणि ‘श्वास रोखा, सोडा’ यापलीकडे त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. संध्याकाळी त्या नवा बोर्ड काढत बसल्या होत्या. काय वाटलं कोण जाणे, डाव्या कोपऱ्यात, जिथे ‘दूध’ नाहीतर ‘टाकी’ असं काहीतरी लिहायचं, तिथे बारीक पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘आज दिवसभर कोणाशी बोलले नाही.’ आणि फाइल पाठवून दिली. पाठवल्यावर त्यांना लाज वाटली, पण तोवर बाण सुटला होता.

‘डाव्या कोपऱ्यात “आज दिवसभर कोणाशी बोलले नाही” असा मजकूर आहे. तो छापायचा आहे, की चुकून राहिला आहे? कळवावे. टेबल सात.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग लिहिलं, ‘छापा.’

उत्तराला उत्तर द्यायची कारखान्यात पद्धत नव्हती. तरी आलं. ‘छापण्यास दिले आहे. अक्षर फार बारीक होते. वाचता यावे म्हणून थोडे मोठे केले आहे. चालेल ना?’

त्या संध्याकाळी श्वासबाई स्वयंपाकघरात उभ्या राहून रडल्या. दुःखाने नव्हे, मात्र आनंदाने असंही म्हणवत नाही. कोणीतरी आपलं म्हणणं मोठ्या अक्षरांत करून दिलं, एवढंच.

त्यानंतर त्यांची भीड चेपली. एकदा उत्तराच्या चौकटीत त्यांनी लिहिलं, ‘छिद्र तसंच ठेवा. तुमचं जेवण झालं का?’

‘झाले. छिद्र तसेच ठेवले तर बोर्ड तुटेल. छिद्राचे बोला.’

बाई एकट्याच खो-खो हसल्या. पुढे कितीतरी दिवस हॉस्पिटलात कोणी फालतू बोलायला लागलं की त्या मनात म्हणायच्या, छिद्राचे बोला.

एकदा टेबल सातने विचारलं की या बोर्डाला चारही कोपऱ्यांत भोकं कशाला, पाचही बोर्ड एकावर एक बसवायचे आहेत का. बाईंनी कळवलं, ‘नाही हो. मला एकच लागतो. पाचाखाली तुम्ही देत नाही. चार दर वेळी कपाटात पडून राहतात.’ त्यावर आलं, ‘नियम आहे. पण चार वाया जातात हे वाचून बरे वाटले नाही.’ भावाच्या घरून दर रविवारी फोन यायचा. इतक्या वर्षांत त्या घरातून बाईंना कोणी असं वाक्य म्हटलं नव्हतं. तसे ते वाईट नव्हते. त्यांच्या घरात माणसं खूप होती, त्यामुळे त्यांना वेळ नव्हता.

आणि मग ते पत्र आलं.

त्या खेपेला बाईंनी चौकटीच्या रेघेत फट सोडली होती. उत्तर कसं द्यायचं, त्यात काय पुस्ती जोडायची, हेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पत्र नेहमीपेक्षा लांब होतं.

‘आपल्या फाइलमध्ये नेहमीप्रमाणे एक चूक आहे. ती न विचारता दुरुस्त केली आहे, त्याबद्दल क्षमा असावी. उद्यापासून फाइल तपासण्याचे काम मशीन करेल. ज्या टेबलांवर ऑर्डरी जास्त अडून राहिल्या ती टेबले आधी बंद केली. त्यात टेबल सात पहिले. माझी बदली पॅकिंगला झाली आहे. तिथे लिहिण्याचे काम नसते. आपल्या चुका मुद्दाम होत्या हे लक्षात आले होते. पण विचारावेसे वाटे. आपले बोर्ड चांगले असतात.’

बाईंनी पत्र पुन्हा वाचलं. ऑर्डरी अडून राहिल्या. कोणी अडवल्या? उत्तर येईपर्यंत काम थांबवले आहे. तीच ती ओळ, बाईंना सगळ्यात आवडणारी. त्या ओळीमागे कोणाचा तरी हिशोब चालू होता, दर थांब्याला त्याच्या नावावर एक रेघ पडत होती, आणि बाई इकडे दोन-दोन दिवस पत्र उराशी धरून बसत होत्या, उत्तर लवकर दिलं तर मजा लवकर संपेल म्हणून! आपल्याला बोलायला कोणी हवं होतं, आणि त्यापायी त्या माणसाचं टेबल गेलं. त्यालाही कळत होतं. कळूनही ते विचारत राहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कारखान्याला फोन लावला. बरंच संगीत ऐकवून झाल्यावर एक मुलगी बोलली.

“तुमचा ऑर्डर नंबर सांगाल का मॅडम?”

“ऑर्डरचं काही नाही. मला टेबल सातबद्दल बोलायचंय. तपासणीतलं. त्यांची काही चूक नव्हती. चुका मी करत होते, मुद्दाम.”

“मुद्दाम?”

“हो.”

“म्हणजे मॅडम, तक्रार तुमची तुमच्याविरुद्धच आहे का?”

“तसंच समजा.”

ती मुलगी थोडा वेळ काहीतरी शोधत होती. “असा पर्याय नाहीये हो इथे.”

“मग त्यांचं नाव तरी सांगा. मी त्यांना लिहीन.”

“नाव नाही सांगता येत. आणि टेबल सात आता सिस्टिममध्येच नाहीये मॅडम. अजून काही मदत करू का?”

बाई म्हणाल्या, नको.

रविवारी भावाचा फोन आला. चार इकडच्या, चार तिकडच्या गोष्टी करून त्याने फोन बायकोकडे दिला, नेहमीसारखा.

“काय म्हणतोय तुझा पार्सलवाला?” वहिनी म्हणाली. ही तिची ठेवणीतली चेष्टा होती. “लग्न नाही केलंस, पण तो बिचारा दारात येतो हं नेमाने.”

“वहिनी, एक विचारू? आपल्यामुळे कोणाचं नुकसान झालं, तर काय करायचं?”

“कोणाचं झालं?”

“ओळखीचं माणूस आहे.”

“कोण? हॉस्पिटलातलं?”

“नाही. तुम्ही नाही ओळखत.” बाईंना वाटलं, मी तरी कुठे ओळखते.

फोनमागे टीव्ही चालू होता, कोणीतरी कोणावर तरी ओरडत होतं. वहिनी तिकडे वळून काही म्हणाली आणि परत आली. “माफी मागायची, दुसरं काय. पण रिकाम्या हाताने नाही हं. काहीतरी हातावर ठेवायचं आणि मग मागायची. तशी मागितली की माणसाला नाही म्हणवत नाही.” आणि मग, जरा थांबून, “तू बरी आहेस ना गं?”

“बरी आहे,” बाई म्हणाल्या. वहिनीने असं विचारलं याचंच त्यांना नवल वाटलं. वहिनीला आपण कमी लेखत होतो की काय, असंही वाटून गेलं.

हातावर काय ठेवायचं याचा त्यांनी फार विचार केला नाही. त्यांच्याकडे होतं काय, तर बोर्ड.

एक यंत्र बाईंनी कधीपासून लांबणीवर टाकलं होतं. कामावरून परत यायचं, अंधाऱ्या घराचं कुलूप उघडायचं आणि भिंतीवर बटण चाचपायचं, याचा त्यांना आई गेल्यापासून जाच होता. उजेड कमी झाला की खिडकीतला दिवा आपोआप लागेल असं काहीतरी करावं, म्हणजे लांबून खिडकी दिसली की वाटेल, घरात आपल्याआधी कोणीतरी पोचलंय. करायला सोपं होतं. पण केलं तर आपल्याला तसं वाटतं हे मान्य केल्यासारखं होईल, म्हणून त्यांनी केलं नव्हतं. आता त्यांनी तोच बोर्ड काढायला घेतला.

इतक्या काळजीने त्यांनी आईचा एक्स-रेसुद्धा काढला नसेल. प्रत्येक छिद्र कडेपासून लांब, प्रत्येक रेघ रुंद, चौकट चारही कोपऱ्यांत घट्ट मिटलेली. कागदावर खऱ्या मापात छापून त्यांनी त्यावर सुटे भाग ठेवून पाहिले, त्यांचे पाय कागदातून आरपार खुपसून पाहिले. सगळं बसलं. मग बोर्ड उलटा करून पाठीमागच्या मोकळ्या जागेत, वाचता येतील अशा मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘टेबल सात, तुमचं टेबल माझ्यामुळे गेलं. माफ करा. यातला एक तुमचा.’

फाइल पाठवली. कॉफीचा घोट घेईपर्यंत उत्तर आलं. ‘चूक आढळली नाही. काम सुरू.’ मशीनने रेघा तपासल्या, छिद्रं तपासली. अक्षरं तांब्यावर येत नाहीत एवढं पाहिलं, ती काय म्हणतात हे पाहायचं त्याला कारण नव्हतं. बऱ्याच दिवसांनी बाईंची फाइल अशी बिनचूक होती, आणि तरी त्यांना वाटलं, कोणीतरी विचारावं, हे छापायचंय का बाई, नक्की?

नंतरचे दिवस जीव टांगणीला लागला. पॅकिंगला किती माणसं असतील? आपला पुडा कोणाच्या हातात जाईल? दुसऱ्याच कोणी वाचलं आणि चारचौघांत हसलं तर? साहेबाला नेऊन दाखवलं तर? बिचाऱ्याच्या डोक्याला आणखी ताप. बाई स्वतःला म्हणायच्या, एवढी उठाठेव कोणी सांगितली होती? आणि परत पार्सल कुठवर आलं ते बघायच्या.

पार्सल आलं ते सकाळी, त्या कुलूप लावत असताना. पार्सलवाला म्हणाला, “या वेळी दाराबाहेरच गाठलं तुम्हाला.” उघडायला वेळ नव्हता. खरं सांगायचं तर वेळ होता, धीर नव्हता. पाच असतील तर? पाच असले म्हणजे झालं, संपलं. बाईंनी पुडा पिशवीत टाकला आणि कामावर गेल्या.

दिवसभर पुडा हॉस्पिटलात कपडे बदलायच्या खोलीतल्या कपाटात होता आणि बाईंचं मन त्या कपाटात. दुपारी एक धिप्पाड ट्रकचालक छातीचा फोटो काढायला आला. बाई काचेमागून म्हणाल्या, “श्वास रोखा.” बटण दाबलं. पडद्यावर चित्र आलं. बाई त्या चित्राकडे बघत राहिल्या, डोळ्यांसमोर मात्र पुडा. बऱ्याच वेळाने काचेपलीकडून घुसमटलेला आवाज आला, “बाई... सोडू का?”

“अगं बाई! सोडा, सोडा!”

ट्रकचालक लालबुंद झाला होता. जाताना म्हणाला, “तुम्ही विसरला असता तर मी गेलोच होतो.” वॉर्डबॉयला हसू आवरेना. संध्याकाळपर्यंत गोष्ट सगळ्या मजल्यांवर पोचली, आणि सगळे हसले म्हणून बाईही हसल्या. बऱ्याच दिवसांनी त्या सगळ्यांबरोबर हसत होत्या, आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नाही, इतकं लक्ष दुसरीकडे होतं.

घरी आल्या. अंधारात बटण चाचपलं, दिवा लावला. चपला न काढताच टेबलाशी बसल्या आणि पुडा फोडला.

बोर्ड सुरेख उतरले होते. वरचा उचलला, उलटा केला. पांढरी अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. त्याच्या खालचा. त्याच्या खालचा. आणि त्याच्या खालचा. चार. पाचव्या जागी बोर्ड नव्हता. त्याच मापाचा, चारही कोपरे तसेच गोल कापलेला जाड पुठ्ठा होता. पुडा हाताला पातळ लागू नये, बाहेरून कोणाला कळू नये, म्हणून कोणीतरी तो कात्रीने नीट कापून घातला होता. बाईंनी तो उलटा केला. त्यावर पेन्सिलीने दोन शब्द लिहिले होते.

‘बरोबर आहे.’

अक्षर जरा तिरकं होतं, ओळ वर चढत गेलेली, उभ्याने लिहिल्यासारखी. एवढी पत्रं झाली, पण टेबल सातचं हस्ताक्षर बाई पहिल्यांदाच बघत होत्या. पॅकिंगला बसायला खुर्ची नसते वाटतं, हे त्यांच्या मनात आलं आणि ते त्यांना फार लागलं. माफी मिळाली होती, खुर्ची परत मिळणार नव्हती. त्या पुठ्ठ्यावर हात ठेवून बसून राहिल्या. यापुढे पत्र येणार नाही, फाइलमध्ये कितीही चुका केल्या तरी नाही, हेही त्यांना कळत होतं. पण कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी खोलीत, आज बाईंचा एक बोर्ड आहे. तो कपाटात पडून राहायला गेलेला नाही.

मग त्यांनी पुडा मिळाल्याचं कळवायला कारखान्याचं पान उघडलं. नेहमीचा प्रश्न आला, ‘नग किती मिळाले?’ आणि खाली ती बारीक ओळ, पॅकिंग करणाऱ्यास जबाबदार धरण्यात येईल.

बाईंनी बोर्ड पुन्हा हातात घेतले. एक, दोन, तीन, चार. आजवर त्या न मोजता लिहून टाकायच्या. आज त्यांनी नीट मोजलं, आणि पाच लिहिलं.